अज्ञात क्षार ओळखायचा कसा: सोलापुरातल्या प्रयोगशाळेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आवरली की प्रात्यक्षिकांचे दिवस येतात. टेबलावर कागदाची पुडी मिळते. आत चमचाभर पूड असते, बहुतेक वेळा पांढरी. तिच्यात एक कॅटायन (धन आयन, बहुधा धातूचा) आणि एक ॲनायन (ऋण आयन) आहे, ते शोधून काढायचे असते. विश्लेषणाचा तक्ता मुलांना तोंडपाठ असतो, तरीही उत्तरे चुकतात. चूक सहसा तक्त्यात नसतेच. ती पाण्यात असते, नीट न धुतलेल्या नळीत असते, वाजवीपेक्षा जास्त घेतलेल्या पुडीत असते, आणि सगळ्यात जास्त ती 'दिसायला हवे होते' ते 'दिसले' म्हणून लिहिण्यात असते. म्हणून या लेखात तक्त्याइतकाच भर हातांवर आणि डोळ्यांवर दिला आहे.

आधी पाणी तपासा

सोलापुरात हे काम सर्वांत आधी करावे लागते. नळाच्या पाण्यात क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेले असतातच. बोअरचे पाणी तर इतके जड की बादलीच्या काठाला पांढरी पुटे चढतात. अशा पाण्यात क्षार विरघळवला तर तुम्ही पुडीतल्या क्षाराची नाही, भूजलाची परीक्षा करत असता.

तीन स्वच्छ परीक्षानळ्यांत २-२ मिली नळाचे पाणी घ्या. पहिलीत विरल (पाणी घालून पातळ केलेल्या) नायट्रिक ॲसिडचे दोन-तीन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाका. दुसरीत अमोनियम ऑक्झलेट टाका. तिसरीत विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि बेरियम क्लोराइड टाका. पहिल्या दोन नळ्या बहुधा लगेच गढूळ होतील, तिसरी पाण्याच्या उगमाप्रमाणे होईल किंवा होणार नाही. आता हेच ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यावर करा. तिन्ही नळ्या निवळशंख राहिल्या पाहिजेत. ही कोरी परीक्षा. ती दर वेळी करा आणि तिच्या नळ्या स्टँडवर तशाच राहू द्या. पुढे क्षाराच्या द्रावणात हलकासा गढूळपणा आला तर तुलना करायला त्या लागतात.

ऊर्ध्वपातित पाणी संपले तर गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळणारे डिमिनरलाइज्ड पाणी चालते, पण तेही याच तीन परीक्षांतून पास झाल्यावरच. घरच्या फिल्टरचे किंवा जारचे पाणी चालत नाही. ते पिण्याजोगे करताना त्यातले क्षार कमी करतात, संपवत नाहीत. नळ्या धुवायला नळाचे पाणी खुशाल वापरा, मात्र शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळा. नळीच्या आतल्या भिंतीवर थेंब न थांबता पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर नळी स्वच्छ आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि अंगावर ॲसिड पडायला पाण्याचा वार बघून पडत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी टेबलाजवळ भरलेली बादली आणि तांब्या हवाच. ॲसिड सांडले तर ती जागा निदान पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाण्याने धुवायची. सोडा, तेल, मलम लावायला धावायचे नाही.

किती घ्यायचे

नवख्यांचा हात सैल असतो. कोरड्या परीक्षेला ०.१ ग्रॅम क्षार पुरतो, म्हणजे वजनाने ज्वारीचे तीन टपोरे दाणे. नळीच्या बुडाशी जेमतेम दिसेल एवढीच पूड. द्रावणाच्या परीक्षेला १ मिली, म्हणजे साधारण वीस थेंब. अभिकर्मक (परीक्षेसाठी घालायचे रसायन) थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवून घाला. जास्त क्षार घेतला की साका (द्रावणात तयार होऊन खाली बसणारा न विरघळणारा पदार्थ) गाळायला वेळ लागतो, अभिकर्मक पुरत नाही, आणि धातू ओळखण्याच्या ज्या टप्प्यांना पुढे गट म्हटले आहे, त्यांतल्या एका गटातला अर्धा राहिलेला धातू पुढच्या गटात उगवतो.

पुडी मिळताच तिचे मनाने तीन भाग करा: एक कोरड्या परीक्षांना, एक द्रावणाला, एक राखीव. राखीव भागाला शेवटपर्यंत हात लावू नका. निष्कर्षाची फेरतपासणी त्यातूनच होते.

नुसते बघणे

रंगाने पुष्कळ काम होते. निळा असेल तर कॉपर. फिकट हिरवा असेल तर फेरस लोह किंवा निकेल. पिवळट-तपकिरी असेल तर फेरिक लोह. गुलाबी असेल तर कोबाल्ट, अगदी फिका गुलाबी असेल तर मँगनीज. पांढरा क्षार असेल तर हे सगळे जवळपास बाद झाले आणि उरले अमोनियम, लेड, ॲल्युमिनियम, झिंक, बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. म्हणजे एकही नळी न वापरता निम्मी यादी खोडली जाते. फक्त मँगनीजचा रंग इतका फिका असतो की पिवळ्या बल्बखाली तो पांढरा वाटतो, म्हणून पुडी खिडकीशी नेऊन पांढऱ्या कागदावर बघा.

वास घेताना नाक नळीवर आणू नका, हाताने वाफ नाकाकडे ओढा. व्हिनेगरसारखा आंबूस वास ॲसिटेटचा, झणझणीत वास अमोनियमचा. चव घेण्याचा विचारही नको. लेड आणि बेरियम विषारी आहेत.

कोरडी आच

नळी खरोखर कोरडी हवी. ओल राहिली तर वरच्या भागात जमलेले थेंब स्फटिकजलाचे (स्फटिकात बांधलेल्या पाण्याचे) की धुण्याचे, हे कळणार नाही. नळी चिमट्याने आडवी-तिरपी धरा, तोंड कोणाकडेही नको, आणि आधी हळू, मग जोरात तापवा.

निळे मोरचूद (कॉपर सल्फेट) पांढरे पडते. नवसागर (अमोनियम क्लोराइड) तापवला की वर चढून नळीच्या गार भागावर पांढरा थर बसतो. तडतड आवाज आला, तपकिरी वायू निघाला आणि मागे पिवळा अवशेष उरला, तर लेड नायट्रेटची दाट शक्यता. गरम असताना पिवळा आणि गार झाल्यावर पांढरा हा झिंक ऑक्साइडचा खेळ सगळ्यांना पाठ असतो, पण त्यात एक मेख आहे. झिंक कार्बोनेट सहज विघटित होते, म्हणून पिवळेपणा ठळक दिसतो. झिंक सल्फेटातून शाळेच्या बर्नरवर मुख्यतः पाणीच उडते, ऑक्साइड बनायला त्याहून पुष्कळ जास्त तापमान लागते. तेव्हा पिवळे दिसले नाही म्हणून झिंक नाही, असा निष्कर्ष काढू नका. कोळशाच्या पोकळीत दुप्पट सोडियम कार्बोनेटाबरोबर फुंकनळीने तापवले तर मात्र तो पिवळेपणा दिसतो.

ज्योत

घड्याळकाचेवर (खोलगट काचेच्या चकतीवर) चिमूटभर क्षार आणि संहत (पाणी न घातलेल्या, तीव्र) हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब यांची पेस्ट करा. निक्रोमची तार ॲसिडमध्ये बुडवून निळ्या ज्योतीत धरा, आणि ज्योतीला रंग येणे बंद होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. कधी चार, कधी आठ वेळा. ज्योत विटकरी लाल झाली तर कॅल्शियम, किरमिजी तर स्ट्रॉन्शियम, पोपटी-हिरवी तर बेरियम, निळसर हिरवी तर कॉपर. ॲसिड का, तर क्लोराइडे सहज वाफ होतात आणि ज्योतीत पोचतात. लेडचा संशय असेल तर प्लॅटिनमची तार वापरू नका, लेड तिच्याशी मिश्रधातू करते आणि तार तुटते.

फसवणूक इथेही होते. फळा पुसल्यावर उडणारी खडूची धूळ कॅल्शियमची असते, म्हणून वर्गातून थेट आलेल्या हातांना विटकरी ज्योत मिळाली तर आधी हात धुवा. घामातले सोडियम पिवळा रंग देते आणि बाकीचे रंग झाकून टाकते. आपल्या उन्हाळ्यात तर तार बोटांनी हाताळून चालतच नाही, काचेच्या दांडीनेच धरा. पंखा बंद ठेवा. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत स्वतःच पिवळी असते, तिच्यावर ही परीक्षा भरवशाची नाही. नीट पाहणाऱ्याला ज्योत किती सांगते, याची साक्ष बुन्सन आणि किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञांच्या कामात आहे: १८६० साली त्यांनी वर्णपटातल्या दोन निळ्या रेषांवरून सिझियम हे नवे मूलद्रव्य शोधले.

ॲनायन

आधी विरल सल्फ्युरिक ॲसिड, मग संहत. हा क्रम मोडायचा नाही, कारण विरल ॲसिडने निघणारे वायू संहत ॲसिडनेही निघतात आणि मग गोंधळ होतो.

०.१ ग्रॅम क्षारावर १ ते २ मिली विरल ॲसिड घाला. फसफसून रंगहीन, वासहीन वायू आला तर तो चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधी झाली आणि वायू जास्त वेळ सोडल्यावर पुन्हा स्वच्छ झाली, तर कार्बोनेट. निवळी ताजी हवी. पानाच्या दुकानातला खायचा चुना ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्या. उघड्या बाटलीतली निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कुचकामी होते. वर पांढरी साय दिसली तर ती फेकाच.

कार्बोनेट असूनही फसफस क्षणभर होऊन थांबते, ही तक्रार नेहमी येते. बेरियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि लेड यांची सल्फेटे पाण्यात विरघळत नाहीत किंवा फार थोडी विरघळतात. कणांवर त्यांचे कवच बसते आणि आतल्या कार्बोनेटापर्यंत ॲसिड पोचत नाही. अशा वेळी विरल नायट्रिक ॲसिडने परीक्षा पुन्हा करा.

विरल ॲसिडने काहीच झाले नाही तर दुसऱ्या, कोरड्या नळीत तेवढाच क्षार घेऊन संहत सल्फ्युरिक ॲसिडचे चार-पाच थेंब घाला आणि अगदी मंद गरम करा. उकळायचे नाही, कारण उकळते संहत सल्फ्युरिक ॲसिड उसळले तर डोळ्यापर्यंत येते. झोंबणारा रंगहीन वायू आला आणि अमोनियात बुडवलेली काचकांडी जवळ नेल्यावर दाट पांढरा धूर झाला, तर क्लोराइड. जांभळी वाफ आली तर आयोडाइड. तपकिरी वायू आला तर दोन वाटा आहेत, ब्रोमाइड किंवा नायट्रेट. कॉपरचा कीस किंवा कागदाचा बोळा टाकल्यावर वायू एकदम वाढला तर नायट्रेट. ओला स्टार्चचा कागद पिवळा-नारिंगी झाला तर ब्रोमाइड. क्षार संहत ॲसिडलाही जुमानत नसेल तर सल्फेट किंवा फॉस्फेट समोर येते. ही नळी गार झाल्याशिवाय धुवू नका, आणि धुताना तिच्यात पाणी ओतू नका. आतला ऐवज बादलीभर पाण्यात ओता.

खात्रीच्या परीक्षा द्रावणात होतात. क्लोराइडसाठी विरल नायट्रिक ॲसिड घालून मग सिल्व्हर नायट्रेट टाका. दह्याच्या कण्यांसारखा पांढरा साका आला आणि तो अमोनियात सहज विरघळला, तर क्लोराइड. ब्रोमाइडचा साका फिकट पिवळा, अर्धवट विरघळणारा. आयोडाइडचा पिवळा, न विरघळणारा. सल्फेटसाठी विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि बेरियम क्लोराइड घाला; आलेला पांढरा साका जादा ॲसिडमध्येही विरघळत नाही.

या दोन ओळींत दर वर्षी अनेकांचे गुण जातात. सिल्व्हर नायट्रेटच्या आधी चुकून हायड्रोक्लोरिक ॲसिड घातले, तर जगातल्या प्रत्येक क्षारात क्लोराइड सापडते. बेरियम क्लोराइडच्या आधी सल्फ्युरिक ॲसिड घातले, तर प्रत्येकात सल्फेट. बाटलीवरचे लेबल मोठ्याने वाचून मगच ड्रॉपर उचला.

क्षार पाण्यात विरघळत नसेल तर 'सोडा निष्कर्ष', म्हणजे धुण्याच्या सोड्याबरोबर उकळून काढलेला अर्क, करा. १ ग्रॅम क्षार, ३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट आणि १५ मिली पाणी दहा मिनिटे उकळा, उडणारे पाणी भरून काढा, गाळा. गाळलेल्या द्रावणात ॲनायन सोडियमबरोबर उतरतो. पण त्यात कार्बोनेट ठासून भरलेले असते, म्हणून कोणतीही परीक्षा करण्याआधी योग्य ते ॲसिड फसफस पूर्ण थांबेपर्यंत घालावे लागते. आणि या निष्कर्षात कार्बोनेट शोधू नका, ते तुम्हीच घातले आहे.

नायट्रेटच्या तपकिरी कड्याबद्दल थोडे सविस्तर. फेरस सल्फेट ऐनवेळी करा: हिराकसाचे हिरवे स्फटिक २ मिली पाण्यात विरघळवून विरल सल्फ्युरिक ॲसिडचा एक थेंब टाका. आदल्या दिवशीचे द्रावण पिवळे पडते, कारण हवेतल्या ऑक्सिजनने फेरस लोह फेरिक होते, आणि फेरिक लोहाला कडे देता येत नाही. क्षाराचे द्रावण १ मिली आणि हे १ मिली एकत्र करून नळी पाण्याखाली गार करा. मग नळी ४५ अंशांत तिरपी धरून आतल्या भिंतीवरून संहत सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने सोडा. जड ॲसिड खाली बसते. नळी न हलवता उभी करून दोन-तीन मिनिटे थांबा. दोन थर भेटतात तिथे तपकिरी कडे उमटते. द्रावण गरम असेल किंवा नळी हलली तर ते संयुग मोडते आणि कडे दिसण्याआधीच विरते. क्षारात ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल तर मुक्त झालेले ब्रोमीन-आयोडीनही तपकिरी रंग देते, तेव्हा संहत ॲसिडच्या परीक्षेत काय दिसले होते ते आठवा.

मूळ द्रावण

क्रमाने गार पाणी, गरम पाणी, विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड गार, मग गरम. ज्यात पहिल्यांदा पूर्ण विरघळेल ते घ्या. नायट्रिक ॲसिड टाळलेले बरे, पुढे ते हायड्रोजन सल्फाइडचे गंधक करून टाकते.

अमोनियमची परीक्षा इथेच, राखीव भागाला न शिवता, मूळ क्षारावर करा. क्षार आणि सोडियम हायड्रॉक्साइड गरम करा. झणझणीत वास आला आणि ओला लाल लिटमस निळा झाला, तर अमोनियम. कागद नळीच्या काठाला टेकू देऊ नका, काठावरचा अल्कलीच त्याला निळा करतो. पुढे तिसऱ्या गटात आपणच अमोनियम क्लोराइड घालणार आहोत, मग ही परीक्षा निरर्थक ठरते.

गटांची चाळण

गटांची ही पद्धत म्हणजे एकाखाली एक लावलेल्या चाळण्या. प्रत्येक गटाचा अभिकर्मक ठराविक धातूंनाच खाली बसवतो. साका आला तर गट सापडला. नाही आला तर तेच द्रावण पुढे न्या. मधला गट वगळला की पुढचे सगळे खोटे ठरते.

पहिला गट: विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड. पांढरा साका म्हणजे लेड. गरम पाण्यात तो विरघळतो. त्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातले की पिवळा साका येतो, आणि तो उकळून सावकाश गार केला तर सोनेरी चकत्या तरंगू लागतात. साऱ्या विश्लेषणात याहून देखणे दृश्य नाही. मात्र लेड क्लोराइड पाण्यात थोडे विरघळतेच, आणि गरम पाण्यात बरेच जास्त. उन्हाळ्याच्या दुपारी पातळ, कोमट द्रावण घेतले तर साका येतच नाही आणि लेड दुसऱ्या गटात काळे सल्फाइड होऊन निघते. म्हणून ॲसिड घातल्यावर नळी गार पाण्यात एक मिनिट धरा.

दुसरा गट: आम्ल द्रावणात हायड्रोजन सल्फाइड. तो किपच्या उपकरणातून येतो. १८४४च्या सुमाराला डच औषधविक्रेता किप याने बनवलेली ही काचेची रचना अजून तशीच चालते. काळा साका म्हणजे कॉपर किंवा लेड. विरल नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून अमोनिया घाला. गडद निळा रंग आला तर कॉपर. ॲसिड कमी पडले तर चौथ्या गटातले झिंक इथेच पांढरे होऊन बसते, फार जास्त झाले तर लेडही पूर्ण खाली बसत नाही. आणि नुसती दुधी-पिवळट गढूळता, जी गाळणकागदातून पार होते, ती बहुधा गंधकाची. ती फेरिक लोहाची खूण असू शकते, दुसऱ्या गटाची नाही. हा वायू विषारी आहे. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणजे 'वास गेला' याचा अर्थ धोका टळला असा नाही.

तिसऱ्या गटावर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक घोटाळे इथे होतात. आधी द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड पूर्ण घालवा. वाफेत धरलेला लेड ॲसिटेटचा कागद काळा होता कामा नये. मग संहत नायट्रिक ॲसिडचे दोन-तीन थेंब घालून उकळा. त्याने फेरस लोह फेरिक होते, जे या गटात पूर्ण खाली बसते. आधीचा वायू उरला असेल तर नायट्रिक ॲसिड त्याचे काही अंशी सल्फेट करते, आणि पाचव्या गटातले बेरियम इथेच सल्फेट होऊन हातचे जाते. द्रावण गार करून चिमूट-दोन चिमूट घन अमोनियम क्लोराइड विरघळवा, आणि त्यानंतरच अमोनिया थेंबाथेंबाने, हलवल्यावरही वास टिकेपर्यंत. नळीच्या वर साचलेली वाफ हाताने घालवून मग वास घ्या, नाहीतर ड्रॉपरचाच वास येतो.

अमोनियम क्लोराइड आधी का? ते हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण इतके कमी ठेवते की फक्त लोह आणि ॲल्युमिनियम खाली बसतात. ते विसरलात तर झिंक, मँगनीज, मॅग्नेशियमही साका देऊ लागतात. अमोनियाची बाटली जुनी असेल तर तिने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो, मग कॅल्शियम, बेरियमची कार्बोनेटे इथेच उतरतात. तीच गोष्ट फॉस्फेटाची: ॲनायन फॉस्फेट असेल तर इथला पांढरा साका ॲल्युमिनियमचा असेलच असे नाही.

लाल-तपकिरी साका लोहाचा. विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवून पोटॅशियम थायोसायनेट घातले की रक्तासारखा लाल रंग येतो. लोह मुळात फेरस होते की फेरिक, हे मात्र मूळ द्रावणावरच ठरवावे लागते: पोटॅशियम फेरिसायनाइडने गडद निळा साका आला तर फेरस.

पांढरा, पेजेसारखा, जेमतेम दिसणारा साका ॲल्युमिनियमचा. नळी काळ्या कागदासमोर धरली तर चटकन दिसतो. तो ॲसिडमध्ये विरघळवून निळ्या लिटमसचे दोन थेंब टाका आणि अमोनिया भिंतीवरून हळू सोडा. रंगहीन द्रावणात निळा पुंजका तरंगतो. सुती सुताला रंग धरावा म्हणून रंगारी तुरटी वापरत आले, त्यामागे हीच क्रिया आहे: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड रंगाला धरून ठेवते. चादरींच्या गावातल्या मुलांनी ही परीक्षा नुसती पाठ करू नये.

चौथा गट: त्याच अमोनियायुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड. मळकट पांढरा साका झिंकचा, फिकट मातकट गुलाबी मँगनीजचा, काळा निकेल किंवा कोबाल्टचा. झिंकचा हायड्रॉक्साइड जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो; मँगनीजचा विरघळत नाही, उलट हवेत ठेवल्यावर तपकिरी होतो. निकेल डायमिथाइल ग्लायॉक्झिमने लालभडक साका देते, पण द्रावण अमोनियायुक्त असेल तरच.

पाचवा गट: अमोनियम कार्बोनेट. किंचित कोमट करा, उकळू नका. उकळले की अभिकर्मकच विघटित होऊन उडून जातो. पांढरा साका गरम ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवून तीन भाग करा आणि क्रम पाळा: पोटॅशियम क्रोमेटने पिवळा साका आला तर बेरियम, तो नसेल तर अमोनियम सल्फेटने पांढरा आला तर स्ट्रॉन्शियम, तोही नसेल तर अमोनियम ऑक्झलेटने पांढरा आला तर कॅल्शियम. ऑक्झलेट आधी घातले तर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही साका देऊ शकतात.

सहावा गट: मॅग्नेशियम. अमोनिया आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घालून काचकांडीने नळीची आतली भिंत घासा आणि दहा मिनिटे थांबा. ओरखड्यांवर पांढरे स्फटिक धरतात. घाईने नळी फेकून 'मॅग्नेशियम नाही' लिहिणारे पुष्कळ.

नोंद आणि सराव

वहीत तीन रकाने: काय केले, काय दिसले, काय अनुमान. मधल्या रकान्यात धातूचे नाव येता कामा नये. 'कॉपर दिसले' हे निरीक्षण नाही. 'काळा साका, नायट्रिकमध्ये विरघळला, अमोनियाने गडद निळा' हे निरीक्षण. काहीच झाले नाही तर 'साका नाही' असे लिहा, ती जागा कोरी सोडू नका. ज्योतीने कॅल्शियम म्हटले आणि गटांनी झिंक, तर एकाला खोटे ठरवण्याआधी राखीव पुडी काढून दोन्ही परीक्षा पुन्हा करा.

लेड, बेरियम, कॉपर आणि क्रोमेट यांचे द्रावण मोरीत ओतू नका. टेबलाखाली झाकणाची वेगळी बरणी ठेवा, तिच्यावर नावे लिहा, आणि भरल्यावर ती प्रयोगशाळा साहाय्यकांच्या ताब्यात द्या.

सरावाला नमुने जवळच मिळतात. डाळिंब-द्राक्षाच्या बागांना लागणाऱ्या खतांच्या दुकानात मोरचूद, हिराकस, झिंक सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट सुटे मिळते. सुरुवात मोरचुदाने करा, कारण तिथे डोळा आधीच उत्तर सांगतो आणि हाताला फक्त क्रम शिकायचा असतो. मग नवसागर, मग तुरटी. तुरटीत दोन कॅटायन असतात, म्हणून ॲल्युमिनियम सापडल्यावर तिथेच थांबू नका. त्यानंतर कोणालातरी झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट दोन पुड्यांत बांधून द्यायला सांगा. दोन्ही पांढरे, दोन्हींत स्फटिकजल, दोन्ही सल्फेट, ज्योतीला दोन्ही मुके. फरक पडतो तो चौथ्या गटातच, आणि तिथवर पोचायला तिसऱ्यात अमोनियम क्लोराइड नीट घातलेले असावे लागते. शेतीच्या दर्जाच्या झिंक सल्फेटात थोडे लोह असू शकते. तिसऱ्या गटात तपकिरी धूसर साका आला तर तो गाळून, नोंदवून पुढे जा. लेड नायट्रेट सर्वांत शेवटी, शिक्षक समोर असताना.